गाडीचे गाऱ्हाणे

गेल्या पौषात नागपूरहून आमच्या मामेभावाच्या मुलीची लग्नपत्रिका आली आणि तिच्या पाठोपाठ आमच्या घरात वाद उपस्थित झाला. जायचे की नाही, हा वाद नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला, आणि सचिवालयाच्या कपाटांबरोबर जे कारकून व लघुलेखक आपापली बिऱ्हाडे घेऊन इकडे आले त्यांत आमचे आजोबा होते. अशा कुटुंबांचे घर भोपाळास आणि गोत नागपुरास असते. नागपूरचे लग्न त्यांना चुकवता येत नाही. वाद होता तो रेल्वेने जावे की मोटारीने, याचा. मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांचे गुडघे स्टेशनचा पूल चढू देत नाहीत. तेव्हा मोटारच, असा निर्णय आमच्या सौभाग्यवतींनी दिला. त्यावर आमची कन्या म्हणाली, "पण बाबा, गाडी नॉइज करते आहे ना!"

हे खरे होते. आमची मोटार चौदा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरांची. तिचे कुलनाम येथे सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिच्या माहेरचा काही दोष नाही. उभी असताना ती सभ्यपणे गुणगुणे. परंतु पॉलिटेक्निक चौकाकडून श्यामला हिल्सचा चढ लागला आणि आम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, की ती असा काही आवाज काढी की फुटपाथवरचे लोक मान वळवून पाहत. एकदा एका रिक्षावाल्याने आम्हांला आपणहून वाट करून दिली. भोपाळात हा मान सहसा लाल दिव्याच्या गाडीलाही मिळत नसे.

आम्ही गाडी एका कारखान्यात नेली. गणवेशातल्या तरुणाने विचारले, काय तक्रार? आम्ही सांगितले, वेग घेताना मोठा आवाज येतो. त्याने कार्डावर दोन शब्द लिहिले, गाडी आत नेली, आणि सायंकाळी नवा सायलेन्सर बसवून साडेपाच हजारांच्या बिलासह परत केली. आठ दिवस शांततेचे गेले, आणि नवव्या दिवशी त्याच चढावर तोच आवाज पुन्हा आला. किंबहुना तो कधी गेलाच नव्हता. दुसऱ्या, अधिक मोठ्या आवाजाखाली झाकला गेला होता.

त्या कारखान्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. जुना सायलेन्सर खरोखरच गंजला होता. तळाशी बोट जाईल एवढे भोक आम्हांला दाखवण्यात आले होते. 'मोठा आवाज' एवढेच ऐकून कोणीही प्रथम तेथेच पाहील. चूक निवेदनाची होती, आणि निवेदन आमचे होते. आम्ही एम. ए. केले मराठीत आणि उभा जन्म काढला हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत. तेथे एखादा विद्यार्थी निबंधात 'दृश्य बहुत सुंदर था' एवढेच लिहून पुढे सरकला, तर आम्ही समासात तांबड्या शाईने 'कैसा?' असे लिहितो. स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्हीही तेच वाक्य लिहून मोकळे झालो होतो.

आमच्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील जहांगिराबादेत मोटारींची कामे करतात. वय सत्तरीच्या पुढे. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांचा हात फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडर यांवर बसलेला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे घडलेल्या फियाटगाड्या भोपाळात डॉक्टर-वकिलांच्या दारी उभ्या असत, आणि त्यांतील कित्येकांची प्रकृती या गृहस्थांनी केवळ कानाने ओळखून राखली. आम्ही गेलो आणि तेच वाक्य त्यांना हिंदीतून ऐकवले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मास्साब, आवाज़ तेज़ है, ये तो पूरा मोहल्ला जानता है. कैसी है, ये बताइए. कब आती है? कहाँ से आती है?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मग चाचरत म्हणालो, "फट-फट." "फट-फट, के टिक-टिक?" आम्हांला सांगता येईना. उस्तादांनी बॉनेटही उघडले नाही. चार दिवस नीट ऐका, लिहून ठेवा, मग या, असे सांगून त्यांनी आमची बोळवण केली. परीक्षेतून उत्तरपत्रिका कोरी देऊन उठल्याचा अनुभव आम्हांला पन्नाशीनंतर प्रथमच आला.

घरी येऊन आम्ही शंभर पानी वही काढली आणि कन्येला लेखनिक नेमले. पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. तिच्यापाशी या कामाला एकच शब्द होता, नॉइज. दोष तिचा नाही. घरात आपण जे शब्द वापरायचे सोडले ते मुलांकडे येणार कोठून? वस्तुतः आवाजाच्या बाबतीत आपली भाषा कुबेराच्या घरची आहे. व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा अनुकरणवाचक म्हणून एक प्रकार सांगतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडली तर असे शब्द पानोपानी भेटतात. घरघर, खडखड, खणखण, कुरकुर, किरकिर, चिरचिर, टिकटिक, टकटक, गुरगुर, भकभक, सूंसूं, झिणझिण, धडधड. आपल्या आजोबांच्या पिढीने तर मोटारसायकल पाहिली आणि तिच्या आवाजावरून तिचे बारसेच केले: फटफटी.

शिवाय या शब्दांची नुसती गर्दी नाही, त्यांत व्यवस्था आहे. 'खट्कन' म्हटले की आवाज एकदाच झाला आणि थांबला. 'खटखट' म्हटले की तो ठराविक अंतराने चालू राहिला. 'खटाखट' म्हटले की अंतर तुटले, घाई झाली. खाडकन, खडखड, खडाखड. धाडकन, धडधड, धडाधड. एकच धातू, पण आवाज किती वेळा झाला आणि किती वेगाने झाला हे शब्दाच्या घडणीतच सांगितलेले. क्लच सोडताना गाडी एकदाच 'खट्' करते की वळताना 'खटखट' करीत राहते, यात मिस्त्रीच्या दृष्टीने दोन वेगळे रोग आणि दोन वेगळी बिले आहेत. आमच्या उस्तादांच्या बोलीतही ठक-ठक, खर-खर, घर्र-घर्र असा संपन्न साठा आहे. म्हणून मराठीची बढाई मारण्याचे कारण नाही. पण तो साठा ते रोज वापरतात, आम्ही वापरीत नाही, एवढा फरक.

वैद्यकशास्त्राला हीच वाट चालावी लागली. लायनेक नावाच्या फ्रेंच वैद्याने १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकले आणि त्यातून स्टेथस्कोप निघाला, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ऐकू आले ते सांगायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे होताच. १८१९ च्या आपल्या ग्रंथात त्याला एकेका आवाजाला नाव द्यावे लागले, उपमा शोधाव्या लागल्या; एका रोगातील श्वासाचा आवाज त्याने तापल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा म्हणून वर्णिला आहे. उस्तादांचा स्टेथस्कोप म्हणजे हातभर लांबीचा पेचकस. त्याचे टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते डोळे मिटतात. (हा प्रयोग वाचकांनी स्वतः करू नये. फिरता पट्टा आणि पंखा यांना शर्टाची बाही, उपरणे आणि पदर यांचा भेद कळत नाही.)

असो. ऐकण्याची पद्धत आम्हांला उस्तादांनी सांगितली ती अशी. गाडी उघड्या जागी उभी करावी. बंद गॅरेजमध्ये कदापि नाही. हातब्रेक ओढावा, गिअर काढून घ्यावा आणि पायाने इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. उभ्या गाडीतही तक्रारीचा आवाज निघाला, तर तो इंजिन, त्यावरचे पट्टे किंवा धूर वाहून नेणाऱ्या नळ्या यांचा. उभ्या गाडीत नाही आणि चालतीत मात्र आहे, तर बहुधा चाके, बेअरिंग, आस किंवा गिअरपेटी. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर एकदा तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ने जावे आणि पुन्हा चौथ्या गिअरमध्ये त्याच ४० ने. चाके दोन्ही वेळा सारखीच फिरतात, इंजिन मात्र चौथ्यात सावकाश फिरते. आवाजाची पट्टी बदलली तर दोष इंजिनाच्या बाजूचा, जशीच्या तशी राहिली तर चाकांच्या बाजूचा. इतकी सोपी युक्ती आम्हांला तीस वर्षे गाडी चालवून सुचली नव्हती.

दोष वेग घेतानाच का बोलतो, यालाही कारण आहे. पाय दाबला की सिलिंडरात अधिक हवा व पेट्रोल जाते, प्रत्येक स्फोट जोरकस होतो, आणि जे जे सैल, फाटके वा झिजलेले असेल त्याच्यावर ताण येतो. आपल्याकडील मानकात नव्या मोटारीचा आवाज याच अवस्थेत मोजण्याची पद्धत घालून दिलेली आहे: गाडी ताशी ५० ने आणावयाची, ठरलेल्या रेषेवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावयाचा, आणि मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने आवाज टिपावयाचा. लहान प्रवासी मोटारीसाठी २००५ पासून त्याची मर्यादा ७४ डेसिबल ठरली. पुण्याची १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन अशा परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी एक होय. विद्यार्थी विश्रांतीत असताना त्याची परीक्षा घेऊन काय कळणार!

चार दिवसांनी वहीत नोंदी जमल्या. सकाळी थंड इंजिन सुरू केले की घाईची टिकटिक. घड्याळापेक्षा जलद, शिवणयंत्रासारखी. दहा मिनिटांनी टिकटिक मावळते. पाय दाबला की तिची फट-फट होते. उभ्या गाडीतही होते. गिअर बदलल्यावर पट्टी बदलते. आवाज मागून नाही. पुढून, काचेच्या खालून येतो. 'फट-फट' आणि 'टिकटिक' हे दोन आवाज नसून एकाच आवाजाचे बाल्य आणि तारुण्य आहे, हा शोध कन्येचा.

उस्तादांनी वही ऐकली. मान हलवली. आणि मग त्यांनी असा प्रश्न विचारला की जो आम्हांला अगदीच अप्रस्तुत वाटला: "गाड़ी में बैठकर किसी का सर दुखता है?"

आम्ही 'नाही' म्हणणार होतो. पण कन्या मध्येच म्हणाली, "आजीचं."

दर गुरुवारी सायंकाळी आम्ही मातोश्रींना बैरागढला मावशीकडे नेत असू. तेथे चार बायकांचे भजन असते. लालघाटीला वाहनांची कोंडी, थंडी म्हणून काचा बंद, आणि बाहेरची हवा आत घेणारा पंखा चालू. परत आल्या की मातोश्री डोके धरून पडत. कधी मळमळ, कधी नुसतीच ग्लानी. जेवण नको म्हणत. आम्ही विचारले की उत्तर ठरलेले, "काही नाही रे, वय झालं आता." आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले होते, रक्तदाब पाहून झाला, चष्म्याचा नंबर बदलून झाला. एका गुरुवारी मावशीच आमच्याकडे आल्या आणि भजन घरी झाले, त्या रात्री मातोश्रींचे डोके दुखले नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. परंतु गाडीचा आवाज हे एक गाऱ्हाणे आणि आईची डोकेदुखी हे दुसरे, अशी दोन खाती आमच्या मनात वेगवेगळी होती.

पेट्रोल अपुरे जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो रक्तात गेला की रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो, आणि प्राणवायूला जागा उरत नाही. आरंभी डोके दुखते, मळमळते, झोप येते. पुढे शुद्ध हरपते, आणि बंद जागेत माणूस झोपेतच जातो. म्हातारी माणसे, बालके, गर्भवती स्त्रिया, हृदयाचे रोगी यांना तो आधी गाठतो. गाडीतून उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे, ही त्याची एक खूण. गाडीत बसलेल्या एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी जड होणे, ही दुसरी. अशा वेळी गाडी थांबवावी, सर्वांना बाहेर उतरवावे आणि डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे की धुराची शंका आहे. सांगितल्याखेरीज त्यांनाही ते सुचेलच असे नाही. आम्ही तरी कोठे सांगितले होते?

भोपाळात 'गॅस' हा शब्द उच्चारला की कोणाला अर्थ विचारावा लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री जो वायू सुटला त्याने डोळे आणि घसे जाळले, लोक उठून पळाले. जे पळू शकले नाहीत, जे चुकीच्या दिशेने पळाले, त्यांची घरे आम्हांला माहीत आहेत. त्या शहरात राहून, वासही न येणारा दुसरा एक वायू आम्ही आमच्याच आईला दर गुरुवारी थोडथोडा पाजीत होतो. उस्तादांच्या दुकानातील बाकावर बसून हा विचार आला तेव्हा समोरचा चहा आमच्याने प्याला गेला नाही.

उस्तादांनी बॉनेट उघडले आणि विजेरीचा झोत इंजिनाच्या मागच्या अंगावर टाकला. चारही सिलिंडरांचा धूर जेथे एका नळीत येतो त्या ओतीव भागाला मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिन आणि तो यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. तिच्या एका कडेला काजळ लावल्यासारखी काळी रेघ होती. तेथून धूर फुंकला जात होता. एक खिळा, ज्याला ते स्टड म्हणतात, तुटलेला. रोज तापणे आणि रोज निवणे, याने लोखंडही थकते. थंड असताना फट उघडी असते म्हणून टिकटिक. धातू तापून फुगला की फट मिटते म्हणून शांतता. पाय दाबला की आतील दाब वाढून ती पुन्हा उघडते म्हणून फट-फट. आमच्या वहीतील तिन्ही नोंदी त्या काजळाच्या रेघेत होत्या. मोटारीतून निघणारा विषारी वायू शमवणारे जे पात्र असते ते या जागेच्या पुढे. म्हणजे येथून निसटलेला धूर शमवलेला नसतो. आणि गाडीत हवा घेण्याची जाळी पुढच्या काचेच्या खालीच, त्या फटीपासून हातभर अंतरावर.

"माँजी को आज से इसमें मत बिठाइए," एवढेच ते म्हणाले. मातोश्रींसाठी त्या गुरुवारी रिक्षा केली.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. तुटका खिळा आतच राहिला होता. त्यावर नट वितळजोड करून, तो जरा निवल्यावर पान्याने हलके हलके फिरवून बाहेर काढला. हे काम पाहण्यासारखे आहे. घाई केली की खिळा आत मोडतो आणि मग भोक पाडत बसावे लागते. मॅनिफोल्डचा चेहरा वाकला आहे काय, हे सरळ पट्टी लावून पाहिले. थोडा वाकला होता. तो खरादवाल्याकडे पाठवून सपाट करून आणला. वाकड्या चेहऱ्यावर नवी गॅस्केट घालणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे. नट आवळताना मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही कडांकडे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. शेवटी थंड इंजिन सुरू करून मागच्या नळीच्या तोंडाशी क्षणभर जाड फडके धरले. कोठे फट उरली असती तर धूर तेथून फुसफुसला असता. फुसफुसला नाही.

आमचा सायलेन्सर एवढ्यात का गंजला, तेही त्यांनी सांगितले, आणि त्याचे नवल आम्हांला अजून वाटते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणीही तयार होते. इंजिन लांब पल्ला चालले तर नळ्या तापून ते वाफ होऊन जाते. आमचे घर पाच नंबर स्टॉपजवळ आणि शाळा तीन किलोमीटरवर. एवढ्या अंतरात सायलेन्सर तापतच नाही. पाणी आत साचते आणि आतून बाहेर गंजत येते. पावसाने गंजला असे आम्ही समजत होतो. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्धा तास सलग चालवावे. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या मालकाने दर पावसाळ्यानंतर मिस्त्रीकडून धुराची नळी पुढून मागपर्यंत एकदा पाहून घ्यावी. फक्त स्वतः जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. जॅक चाक बदलण्यासाठी आहे, विश्वास ठेवण्यासाठी नाही.

बाकीचे आवाज उस्तादांनी आम्हांला काम चालू असताना येता-जाता सांगितले. ते येथे नोंदवतो, कारण प्रत्येक आवाज आमच्यासारखा भयंकर नसतो, आणि प्रत्येकाला साडेपाच हजार लागत नाहीत. सकाळी सुरू करताना व पाय दाबताना कुत्र्याच्या पिलासारखी कुईकुई आली तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे. ठराविक वेगावरच पत्र्याची झिणझिण आली आणि पुढेमागे थांबली तर बहुधा नळीवरचा उष्णतारोधक पत्रा सुटला आहे. एका पट्टीने तो बांधला जातो. चाक पूर्ण वळवून वेग घेताना टकटक आली तर पुढच्या आसाच्या सांध्यावरील रबरी टोपी फाटून आतले ग्रीस गेले आहे. टोपी फाटल्याबरोबर बदलली तर थोडक्यात भागते, टकटक सुरू झाल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो. घूं-घूं असा आवाज वेगाबरोबर वाढला, पाय उचलला तरी राहिला आणि वळताना बदलला तर चाकाचे बेअरिंग. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला तर केवळ टायर. इंजिन भणभणते पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर आवाजाचा दोष नसून क्लच घसरतो आहे.

एका आवाजाविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. चढावर, मोठ्या गिअरमध्ये, पाय दाबल्यावर डब्यात खडे हलवावेत तशी बारीक खडखड येते. पुष्कळ चालक तिला गाडीचे कुरकुरणे समजतात. सिलिंडरातील काही मिश्रण ठिणगीने पेटलेल्या ज्वालेची वाट न पाहता आपोआप भडकते तेव्हा हा आवाज होतो. कारणे अनेक: इंजिन फार तापणे, आत कार्बन साचणे, ठिणगीची वेळ चुकणे, पेट्रोल निकृष्ट असणे. पण सर्वांत साधे कारण चालकाचा आळस हेच असते, चढावर गिअर उतरवायचा कंटाळा. गिअर उतरवला की खडखड गेली, तर गाडीचा दोष नाही. गेली नाही, तर दाखवावे. असे इंजिन दामटले तर पिस्टनला भोक पडू शकते. इदगाह हिल्स आणि श्यामला हिल्स यांच्या कृपेने भोपाळच्या गाड्यांना हा आवाज चांगलाच परिचयाचा आहे.

आणखी एक प्रकार आहे, मुद्दाम केलेला. काही तरुण पैसे देऊन सायलेन्सर पोकळ करून घेतात. ३००० फेऱ्यांवर चालणारे चार सिलिंडरांचे इंजिन सेकंदाला शंभर वेळा धूर फेकते. त्या शंभर धक्क्यांना आतील कप्प्यांत एकमेकांवर आपटवून शांत करण्याची युक्ती ज्यांनी काढली, त्यांची मेहनत हे लोक छिन्नीने फोडतात. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक मोटारीला सायलेन्सर असला पाहिजे असे सांगतो. आमच्या शाळेच्या फाटकासमोरून परीक्षेच्या दिवशी ही मंडळी जातात तेव्हा आम्हांला नियम पाठ असून उपयोग होत नाही.

लग्नाला आम्ही मोटारीनेच गेलो. निघण्याआधीच्या गुरुवारी मातोश्रींना प्रयोगादाखल बैरागढला नेले, काच दोन बोटे उघडी ठेवून. परत आल्यावर त्यांनी भाकरी मागितली. डॉक्टरांना आम्ही सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि महिनाभराने पुन्हा दाखवायला सांगितले. त्या महिन्यात एकदाही तक्रार आली नाही.

ओबेदुल्लागंज सोडल्यावर जंगलातला घाट लागतो. तेथे आम्ही पाय दाबला आणि गाडीतील चारही माणसे गप्प होऊन ऐकू लागली. काही नाही, इंजिनाची घुमघुम तेवढी. बैतूल गेले. मुलताईला थांबून तापीच्या उगमाचे दर्शन घेतले, चहा घेतला. पांढुर्ण्याच्या अलीकडे दुकानांच्या पाट्यांवर मराठी दिसू लागली, आणि तेवढ्यात मागच्या बाजूने नवा आवाज आला. कन्या तत्काळ वही उघडून म्हणाली, "बाबा, खुळखुळ. वेगाशी संबंध नाही. खड्ड्याशी आहे." गाडी थांबवून डिकी उघडली. आहेराच्या परातीत सौभाग्यवतींनी सुपाऱ्या सुट्या ठेवल्या होत्या.

उस्तादांचे एकंदर बिल खरादासह दोन हजार आठशे रुपये झाले. नवे नट एकदा लांब प्रवासात तापून निवले की पुन्हा आवळून घ्यावे लागतात, असे त्यांनी बजावले होते. ते आवळून घेतले, आणि त्याच वेळी वही त्यांना दाखवली. 'खुळखुळ' हा शब्द त्यांना नवा होता. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला.